रात्रीची लाईन आणि तीन मिनिटांचा डाव

*ताई, नमस्कार. मी आर्णी तालुक्यातल्या एका खेड्यातला. वय ३३. कृषी केंद्रात कामाला आहे, घरची चार एकर आहे. शाळा-कॉलेजात बुद्धिबळ भरपूर खेळलो. २०१६ मध्ये फिडेचं (जागतिक बुद्धिबळ महासंघाचं) रेटिंग, म्हणजे खेळाच्या ताकदीचा आकडा, निघालं, १३८०. मग बाबांना लकवा मारला, शेती अंगावर आली, लग्न झालं, पट माळ्यावर गेला. २०२५ च्या जुलैत दिव्या देशमुखची फायनल मोबाईलवर पाहिली आणि पुन्हा खेळावंसं वाटलं. लिचेस हे बुद्धिबळाचं ॲप घेतलं. रात्री मोटर सुरू करायला वावरात जातो तेव्हा तीन-तीन मिनिटांचे डाव खेळतो. नुसता हरतो. मागच्या महिन्यात तालुक्याला एक दिवसाची स्पर्धा होती, तिथं सातवीतल्या पोरीनं मला बावीस चालीत मात केली. आता तर ॲप उघडतो आणि बंद करतो. मन लागत नाही, आणि सोडवतही नाही. शाळेत असताना मी आणि माझा दोस्त एसटीच्या मागच्या सीटवर चुंबकाच्या पटावर खेळत यवतमाळला जायचो, ते आठवतं. गावात एक म्हातारबुवा पारावर खेळतात, पण देशी नियमांनी. त्यांच्यासोबत बसलो तर खेळ बिघडेल असं वाटतं. बाबा म्हणतात, "कायले त्या सोंगट्यायच्या मांगं लागतं बे?" पहिल्यासारखा खेळ पुन्हा येईल काय? आणि पोरगी सात वर्षांची आहे. तिला आत्ताच शिकवू, की आधी माझा खेळ बसू देऊ?*

भाऊ,

तुमचं पत्र लांब होतं, जागेसाठी कापावं लागलं. कापलेला बराचसा मजकूर रेटिंगचा होता, म्हणून आधी तेच मिटवून टाकू.

१३८० हा आकडा तुम्ही इतकी वर्षं खिशात घालून फिरताय, पण तो आता तसा राहिलेलाच नसणार. खेळलं नाही म्हणून फिडे कोणाचं रेटिंग कमी करत नाही. वर्षभर रेटिंगचा एकही डाव झाला नाही की नावापुढे 'इनॅक्टिव्ह' असा शिक्का बसतो, एवढंच. पुन्हा खेळलात की तो निघतो. त्यात १ मार्च २०२४ ला फिडेनं २००० च्या खालच्या खेळाडूंचं क्लासिकल (लांब वेळेच्या डावांचं) रेटिंग एकदाच वर उचललं. २००० पर्यंत जेवढं अंतर, त्याचे चाळीस टक्के मूळ आकड्यात मिळवायचे, असं सूत्र. तुमचं अंतर ६२०, त्याचे चाळीस टक्के २४८, म्हणजे तुम्ही आता १६२८ च्या घरात असायला हवे. फिडेच्या साइटवर नाव टाकून खात्री करून घ्या. पट माळ्यावर, तुम्ही वावरात, आणि रेटिंग घरबसल्या अडीचशेनं वाढलं. सोयाबीनला असा भाव कधी मिळाला तर मलाही कळवा.

हे वाचून तुम्हाला आधी बरं वाटेल आणि लगेच धास्ती बसेल, की आता १६२८ सांभाळायचे. म्हणून पुढचा हिशेबही सांगते. ज्याचे रेटिंगचे तीस डाव होऊन गेलेत अशा तुमच्यासारख्या मोठ्या माणसाचे, बरोबरीच्या खेळाडूकडून हरल्यावर, दहा गुण जातात. जिंकलात तर दहा येतात. त्या दहासाठी माणूस रोज ॲप उघडतो आणि बंद करतो, हे मला पटत नाही. आणि लिचेसवरच्या आकड्याचा याच्याशी ताळा लावू नका. तिथं नवा माणूस १५०० वरच सुरू होतो, त्यांचं गणित वेगळं आहे.

आता हरण्याचं बघू.

शाळांच्या स्पर्धांत मी पंच म्हणून बसते, आणि बऱ्याच वर्षांनी परतलेली मोठी माणसं तिथं हमखास दिसतात. त्यांचा पहिला डाव बहुतेक एकाच वळणानं जातो. पंधरा-वीस चाली छान होतात. किल्लेकोट झालेला, घोडे मध्याकडे आलेले, समोरचं पोर थोडं दबलेलं. मग हा गडी हत्ती उचलतो, ऐटीत ठेवतो, घड्याळ दाबतो, आणि बोट घड्याळावर असतानाच त्याला उंटाची तिरपी रेघ दिसते. पोर काही बोलत नाही. उंट त्याच रेघेनं सरकवतं, हत्ती उचलून पटाच्या कडेला उभा करतं आणि खिडकीबाहेर बघायला लागतं. पुढच्या दहा चाली मोठा माणूस नुसता लाज झाकायला खेळतो. तुमच्या बावीस चालींचा डाव असाच गेला असेल, अशी माझी अटकळ आहे. स्कोअरशीट ठेवलं असेल तर पहिल्या पंधरा चाली तपासा. त्यात फारसं वावगं सापडणार नाही.

म्हणजे तुमचा खेळ गेलेला नाही. चाल करण्याआधी एकदा पटावरून नजर फिरवायची सवय गेली आहे, आणि या दोन गोष्टींत फार फरक आहे. १९७३ मध्ये विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी केलेला एक प्रयोग बुद्धिबळवाल्यांत प्रसिद्ध आहे. खऱ्या डावातली मांडणी पाच सेकंद दाखवून झाकली, तर मास्टर खेळाडू बहुतेक सोंगट्या पुन्हा जागच्या जागी मांडून दाखवतो. पण त्याच सोंगट्या पटावर कशाही विखरून ठेवल्या तर त्याची आठवण जवळपास नवख्याइतकीच. त्याच्या डोक्यात सुट्या सोंगट्या नसतात, आकार असतात. तुमच्या डोक्यात हे आकार शाळेतच बसलेत आणि ते सहजी पुसले जात नाहीत. पटावरची नजर मात्र रोजच्या वापरातली गोष्ट आहे, आणि ती वापरानंच परत येते.

तिला परत आणायला तुम्ही जागा आणि वेळ मात्र अशी निवडली आहे की विचारू नका. रात्रीची लाईन. थ्री फेज येईल तेव्हा मोटर टाकायची, हरभऱ्यातले स्प्रिंकलरचे पाईप बदलायचे, एक कान डुकरांच्या आवाजाकडे, बोटं गारठलेली, रेंजच्या दोनच काड्या, आणि घड्याळात तीन मिनिटं. तिथं गुकेशही घोडा फुकट देईल. त्यात मध्येच नेट जातं आणि जिंकत आलेला डाव हरल्यात जमा होतो. तीन मिनिटांच्या डावात विचाराला वेळच नसतो, आहे त्या नजरेवर खेळावं लागतं. तुमची नेमकी तीच गंजलेली आहे.

तेव्हा वावरात समोरासमोरचे डाव बंद करा. लिचेसच्या मोबाईल ॲपमध्ये कोडी घरूनच उतरवून घेता येतात, ती नेटशिवाय चालतात. सोपी घ्या, अगदी लाज वाटेल इतकी सोपी: एका चालीत मात, दोन चालीत मात, समोरची कोणती सोंगटी राखणीविना उभी आहे. वेळेचं बंधन ठेवू नका. पाईप बदलून आलात की पाच-सात सोडवा आणि मोबाईल खिशात घाला. अवघड कोड्यांच्या नादी आत्ता लागू नका, त्यात नुसता अहंकार सुखावतो. पूर्ण डाव खेळायचा तो घरी, आणि निदान पंधरा मिनिटांचा, चालीमागे दहा सेकंद वाढणारा. दिवसाला एक पुरे. त्याच ॲपच्या सेटिंगमध्ये रेटिंग दाखवूच नये अशी सोय आहे, पटाभोवतीचं बाकी सगळं लपवणारा झेन मोडही आहे. दोन्ही चालू करून टाका. आणि लागोपाठ दोन हरलात तर त्या दिवशी तिसरा लावू नका. रात्री साडेअकराला हरलेलं भरून काढायला बसलेला माणूस कुठल्याच खेळात जिंकत नाही.

इथपर्यंतचं झालं नजरेचं. पण तुम्ही लिहिलंय की मन लागत नाही, आणि त्याला कोडी हे औषध नव्हे.

सगळ्या पत्रात एकाच ठिकाणी तुमचं अक्षर मोकळं झालंय. एसटीची मागची सीट, मधे दप्तर, त्यावर चुंबकाचा पट, खड्ड्यात बस आदळली की दोघांनी मिळून पट धरायचा. ते प्यादं ई-५ वर होतं की डी-५ वर यावरून यवतमाळच्या स्टँडपर्यंत भांडण. हेही तुम्हीच लिहिलंय, मी वर कापलं. तिथं रेटिंगचा एक शब्द नाही. मला वाटतं, तुम्हाला खेळाचा कंटाळा आलेला नाही. तुम्हाला समोर माणूस नाही. काचेपलीकडे कोण बसलंय माहीत नाही, हरल्यावर चिडवणारं कोणी नाही, "ती घोड्याची चाल तुला दिसलीच कशी" असं विचारणारं कोणी नाही. अशा डावात मन लागलं नाही तर तुमच्या मनाचा काही दोष नाही.

तो दोस्त आता कुठं आहे ते तुम्ही लिहिलं नाही. पुण्यात कंपनीत असेल, गुजरातेत असेल, नाहीतर दिग्रसमध्येच दुकान टाकून बसला असेल. त्याला फोन करा. खेळायला वेळ आहे का असं विचारू नका, वेळ कोणालाच नसतो. सरळ डाव लावून त्याची लिंक पाठवा. लिचेसवर पत्रानं खेळल्यासारखा डाव लावता येतो, एका चालीला एक दिवसापासून चौदा दिवसांपर्यंत मुदत. सकाळी दुकान उघडताना एक चाल. त्याची चाल आली की दुपारभर खताच्या गोण्या मोजताना डोक्यात तो पट फिरत राहतो. मन लागणं म्हणतात ते हेच, आणि ते बसून वाट पाहिल्यानं येत नाही.

चीनच्या डिंग लिरेनचं उदाहरण इथं देण्यासारखं आहे. २०२३ मध्ये जगज्जेता झाला आणि त्यानंतर खचला. महिनोन्‌महिने स्पर्धांपासून लांब होता, नैराश्याबद्दल उघडपणे बोलला. २०२४ च्या नोव्हेंबरात सिंगापूरला गुकेशसमोर बसला तेव्हा लढत एकतर्फी होईल असंच बहुतेकांना वाटत होतं. पहिलाच डाव त्यानं काळ्या सोंगट्यांनी जिंकला. तेरा डावांनंतर दोघं साडेसहा-साडेसहा. चौदाव्यात हत्तीची एक चाल चुकली आणि किताब गेला. गेला तो गेलाच. पण 'आधी मन ठीक होऊ दे, मग बसतो' म्हणत राहिला असता तर तेरा डाव बरोबरीत ठेवणारा डिंग कोणालाच दिसला नसता.

हे लिहिताना एक गोष्ट तुम्हाला विचारायची राहून जाऊ नये. मन फक्त बुद्धिबळातच लागत नाही, की जेवणात, झोपेत, पोरीशी खेळण्यातही लागत नाही? तसं असेल तर विषय पटाचा नाही. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, मराठीत बोलता येतं. लाजू नका.

आणि दिव्याची फायनल पाहिलीत ना, मग समोरच्या खुर्चीकडेही बघा. २८ जुलै २०२५ ला जॉर्जियातल्या बाटुमीत आपल्या नागपूरच्या १९ वर्षांच्या पोरीनं महिला विश्वचषक जिंकला, ग्रँडमास्टर किताबही त्यातच आला. कौतुक करू तेवढं थोडंच. पण तुमच्या कामाची गोष्ट हरलेल्या बाईची आहे. कोनेरू हम्पी तेव्हा ३८ वर्षांची. २०१७ मध्ये मुलगी झाली, साधारण दोन वर्षं ती पटापासून लांब होती. २०१८ ला परतली ती ऑलिम्पियाडला, तेही याच बाटुमीत. २०१९ च्या डिसेंबरात मॉस्कोला जागतिक रॅपिड (कमी वेळेच्या डावांची) स्पर्धा जिंकली, २०२४ ला न्यूयॉर्कला पुन्हा जिंकली. ती व्यावसायिक खेळाडू आहे. तुमच्यासारखं तिला डीएपीच्या गोण्या मोजून मग पट मांडावा लागत नाही, हे मला कळतं. मोठ्यांचे दाखले देऊन कोणाला झोडपायची मला आवड नाही. एवढंच बघा, की दोन वर्षांनी बसली तेव्हा तिनं लहानपणाशी बरोबरी केली नाही, समोर जो होता त्याच्याशी केली. तुम्ही २०१६ च्या पोराशी खेळताय. तो कधीच हरणार नाही, कारण तो खेळतच नाही.

आता पारावरचे बुवा. त्यांच्यासोबत खेळून खेळ बिघडतो हे तुम्हाला कोणी सांगितलं? देशी खेळात प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर जातं, राजाला आयुष्यात एकदा घोड्याची उडी मिळते, आणि काही गावांत प्यादं ज्या घरात पोचलं त्या घराचीच सोंगटी होतं, वजीर मागून मिळत नाही. गावागणिक फरक असतो, म्हणून बसण्याआधी नियम बोलून घ्या, नाहीतर विसाव्या चालीला भांडण ठरलेलं. पाठ केलेली एकही ओपनिंग, म्हणजे सुरुवातीच्या चालींचा क्रम, तिथं चालत नाही. पहिल्या चालीपासून डोकं लावावं लागतं, आणि तुम्हाला नेमकं तेच हवंय. दोन बघे मागून चाल सांगतील, एक जण तंबाखू मळत "वजीर वाचव बावा" म्हणेल, तेव्हा त्याच्यावर चिडू नका. एक डाव त्यांच्या नियमानं, एक तुमच्या. बुवा कबूल होतील. पारावरच्या म्हाताऱ्यांना नवा गडी मिळाला की ते नियमाला अडत नाहीत.

त्यांच्यासोबत, नाहीतर एकट्यानंच, एक मांडणी करून बघा (उभ्या रांगा ए ते एच, आडव्या पांढऱ्याच्या बाजूनं १ ते ८). पांढरा राजा ई-६ वर, पांढरं प्यादं त्याच्या मागे ई-५ वर, काळा राजा ई-८ वर. बाकी पट रिकामा. इथं चाल कोणाचीही असो, पांढरा जिंकतो. काळ्याची असेल तर तो डी-८ वर सरकतो, तुम्ही राजा एफ-७ वर न्या, मग प्याद्याला कोणी अडवू शकत नाही. तुमची असेल तर राजा डी-६, काळा डी-८, प्यादं ई-६, काळा ई-८, प्यादं ई-७, आणि आता काळ्याला एफ-७ शिवाय घरच उरत नाही. तुम्ही डी-७ वर, संपला डाव. हे तुम्हाला येत होतं. पुन्हा करून बघा, दोन्ही बाजूंनी, मग पांढरा राजा आणि प्यादं दोन्ही एकेक घर मागे ठेवून बघा काय बदलतं. ओपनिंगचे व्हिडिओ बघण्यात रात्री घालवण्यापेक्षा अशा चार सोंगट्यांच्या मांडण्यांनी हात लवकर बसतो. माझं तरी असंच मत आहे, शहरातले कोच वेगळं सांगतील.

बाबांचं बोलणं मनाला लावून घेऊ नका. मला वाटतं ते सोंगट्यांवर नाहीत, मोबाईलवर आहेत. माळ्यावरचा पट काढा, पुसा, आणि त्यांच्या खाटेपाशी मांडा. ते खेळोत न खेळोत, दुसऱ्या दिवशी "त्या घोड्यानं काय केलं असतं" असं विचारतील. विचारलं नाही तरी बिघडत नाही.

स्पर्धेची घाई नको. कापसाची वेचणी आटोपू द्या. आधी एक दिवसाची रॅपिड खेळा. रेटिंगच्या स्पर्धेला अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघाची नोंदणी लागते, तुमची जुनी संपली असेल, ती आधी बघा. आणि १६२८ झालात तर '१६०० च्या खालच्यांसाठी' असलेल्या स्पर्धेत तुम्हाला घेणार नाहीत, हा फुकटच्या अडीचशेचा तोटा. स्विस पद्धतीत हरलेला बाद होत नाही, आणि पहिल्या फेरीला रेटिंगनं वरच्या निम्म्यातला खेळाडू खालच्या निम्म्यातल्याशी बसतो, म्हणून तुमच्या वाट्याला एकतर फार तगडा येईल नाहीतर एखादं अनोळखी, रेटिंग नसलेलं पोर, जे त्याहून धोक्याचं. पहिली फेरी हरलात तर पुढे तुमच्यासारखेच हरलेले समोर येतात. खरी मजा तिथून सुरू होते. दुपारचं जेवण करून एसटी पकडणारे खूप बघितलेत मी. शेवटच्या फेरीपर्यंत थांबा.

पोरीला आजपासून शिकवा. तुमचा खेळ बसायची वाट पाहिलीत तर तोवर ती दहावीत जाईल. सगळ्या सोंगट्या एकदम मांडू नका. आठ प्यादी तिची, आठ तुमची, जो आधी पलीकडे पोचला तो जिंकला. त्यात चाल, मार, अडवणं सगळं येतं आणि डाव दहा मिनिटांत संपतो. मग राजे ठेवा, मग हत्ती, घोडा सगळ्यात शेवटी, कारण त्याचं वळण पोरांना फार आवडतं आणि बाकी सगळं विसरायला होतं. मुद्दाम हरू नका, सात वर्षांच्या पोराला ते लगेच कळतं. पूर्ण पट मांडायला लागलात की तुमचा वजीर आणि दोन्ही हत्ती डब्यातच राहू द्या. ती जिंकायला लागली की एक हत्ती बाहेर काढा.